पेटीतला भोंगा

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात 'शांतता राखा' ही पाटी भिंतीवर जिथे ठोकली होती, बरोबर तिच्याखाली मामांचं टेबल होतं. पाटी आधीची की मामा आधीचे, यावर जुन्या नोकरांत मतभेद आहेत. पण हरली ती पाटी, यावर एकमत आहे. देवघेवीच्या खिडकीतून मामा नुसते "पुढचा!" म्हणाले, तरी दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला पुस्तकावर डोकं टेकून झोपलेला संशोधक दचकून उठायचा आणि रांगेत येऊन उभा राहायचा. विद्यार्थी त्यांना तोंडावर मामा म्हणत आणि पाठीमागे भोंगा. मामांना दोन्ही चालायचं. "भोंग्याचा उपयोग असतो," ते म्हणायचे. "पाटीचा काय असतो?"

कोणा बड्या प्राध्यापकांनी तक्रार केली. ग्रंथपाल मॅडमच्या जागी दुसरं कोणी असतं तर मामांना शेतकी विभागाच्या गोदामात पाठवलं असतं. पण मॅडमना नवनव्या योजनांची हौस. जुन्या नकाशांचं प्रदर्शन, लेखकांशी गप्पा, 'एक दिवस फोनविना' (या शेवटच्या कार्यक्रमाला जे आले, त्यांतले निम्मे आदल्या दिवशी विसरलेला फोन शोधायला आले होते). त्यांनी तक्रारीवरही योजना काढली. अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची, आणि वाचणार मामा. ज्या माणसाला गप्प करायचं म्हणून खोलीत कोंडलं, त्याला बोलण्याचाच पगार सुरू झाला. आणि त्याचं बोलणं टिपून ठेवायला मला नेमलं. मी छोट्या गावातल्या शाळेत स्नेहसंमेलनाचे लाउडस्पीकर लावून लावून शिकलेला. ते सगळ्यांचे मामा, म्हणून मी भाचेबुवा.

खोली तळघरात होती, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांच्या पलीकडे. आम्ही तिला पेटी म्हणायचो. भिंतींना जाड फोम, खाली गालिच्यावर गालिचा, शीतकपाटासारखं जडशीळ दार, दारावर लाल दिवा. मधे काच, अलीकडे मी आणि माझी यंत्रं, पलीकडे मामा आणि मायक्रोफोन. आत दार लावून बसलं की आधी काहीच ऐकू येत नाही आणि मग स्वतःच्या कानांतलं रक्त ऐकू येऊ लागतं. मला तिथे एकट्याने बसवत नसे. मामा मात्र पहिल्या दिवशी आत गेले, बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "भाचेबुवा, इथे मला कोणी गप्प बस म्हणणार नाही."

त्यांचं वाचणं म्हणजे नुसतं वाचणं नसे. आकृती आली की थांबायचे, नीट बघायचे आणि सांगायचे, "इथे एक चित्र आहे. एक गोल, त्याच्या आत आणखी एक गोल, आणि बाणांची नुसती झुंबड. काढणाऱ्यालाही कळलं नसावं, तुम्ही घाबरू नका." मधेच, "थांबा हं, पाणी पितो," असं म्हणून घटाघट पाणी प्यायचे. पहिल्यांदा मी ते कापून टाकलं, तर मुलांची तक्रार आली: मामांचं पाणी कुठे गेलं? तेव्हापासून पाणी ठेवायला लागलो.

मॅडमनी त्यांच्याकडून आणखी एक काम करून घेतलं. संध्याकाळी ग्रंथालय बंद होण्याच्या वेळी सगळ्या मजल्यांवर वाजणारी सूचना. "ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाली आहे. आपापलं सामान आवरा. मागे काही ठेवू नका." एकदाच बोलले, एका दमात, खणखणीत. ती अजून तीच वाजते.

आता खरं कुठे चुकलं ते सांगतो. मॅडमच्याच एका कार्यक्रमाला कोणी जुने निवेदक पाहुणे आले होते. ते बोलता बोलता म्हणाले, "आवाज कापरासारखा असतो. उघडा ठेवला की उडून जातो." पाहुणे चहा पिऊन गेले, ते वाक्य मामांनी ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून पेटीबाहेर बोलणं बंद. चहावाल्याला बोटांनी खूण, मॅडमना मान हलवून होकार, घरी तर पुरती अळीमिळी गुपचिळी. सगळ्या ग्रंथालयाला गंमत वाटली. भोंग्याला झाकण बसलं म्हणून प्राध्यापकांनीही सुटकेचा निःश्वास टाकला. मला तर भारी आदर वाटला. गवई लोक असंच काहीतरी करत असणार, असं मी गावाकडे पत्रातून कळवलंसुद्धा.

माझ्या पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. मोठा आवाज असला की रेघ फुगते, बारीक असला की रोडावते. मामांची रेघ सुरवंटासारखी गुबगुबीत असायची. मग कधीतरी ती बारीक व्हायला लागली, आणि तिच्या कडांना कुसं फुटल्यासारखी दिसू लागली. मी म्हटलं, मायक्रोफोन जुना झाला. मॅडमच्या मागे लागून नवा आणवला. रेघ तशीच. म्हटलं, वायर खराब असेल. वायर बदलली. मग भिंतीचा फोम खरवडून नवा लावला, वर्तमानपत्रांचे गठ्ठे हलवले, पाण्याच्या पंपावर संशय घेतला, प्लंबरशी भांडण काढलं. मामाही खुणांनी मला साथ देत होते. पंपाकडे बोट दाखवून नाक मुरडत होते. आम्ही त्या पेटीतलं सगळं बदललं. फक्त माणूस तोच ठेवला.

कानसेन आली ती याच दिवसांत. तिचं नाव आम्हीच पाडलेलं. कायद्याच्या शेवटच्या वर्षाची अंध मुलगी. पुस्तकं दुप्पट वेगाने ऐकायची आणि तरी कुठल्या पानावर मामांना ठसका लागला ते सांगायची. तिचा पहिल्या वर्षाचा एक विषय राहिला होता. त्यामुळे त्या आठवड्यात ती सकाळी पहिल्या वर्षाचं पुस्तक ऐकत होती आणि दुपारी शेवटच्या वर्षाचं. काठी टेकत ती तळघराचा जिना उतरून आली तेव्हा मामा पेटीतून बाहेर येऊन घाम पुसत होते.

"मामा आहेत?" तिने विचारलं.

"आहेत," मी म्हटलं. "पण बाहेर ते मुके असतात, माहीत आहे ना?"

"मग आत जाऊन बोलू द्या त्यांना. मी इथे उभी राहते."

मामा हसले, आत गेले, मी कळ दाबली. काचेपलीकडून त्यांचा आवाज स्पीकरवर आला. "बोला वकीलसाहेब. कोणाला फाशी द्यायचीय?"

ती हसली नाही. मान वाकडी करून ऐकत राहिली. "मामा, तुमच्या मागे आणखी कोण वाचतं?"

"भाचेबुवा, तुम्ही वाचता का हो?"

"छे! मला आकृत्या बघून चक्कर येते," मी म्हटलं.

"चेष्टा नाही," ती म्हणाली. "सकाळच्या पुस्तकात तुम्ही एकटे असता. दुपारच्या पुस्तकात तुमच्या आवाजाच्या खाली दुसरा कोणीतरी असतो. दार खरवडल्यासारखा. आधी मला वाटलं यंत्राचा दोष. पण यंत्र श्वास घेत नाही, मामा. तो श्वास घेतो."

काचेपलीकडे मामा पाण्याच्या पेल्यात बघत होते.

"घसा बसलाय," ते म्हणाले. "तुझ्या त्या कलमांनीच बसवलाय. प्रत्येक वाक्याला पाच अटी आणि सहा अपवाद."

"किती दिवस बसलाय?"

मामा घोटभर पाणी प्याले.

"डॉक्टरला दाखवा."

"दाखवला की तो काय म्हणणार? बोलू नका. तुझे तीन धडे राहिलेत, परीक्षा तोंडावर आलीय. शिवाय प्रदर्शन आहे. ते होऊ दे, मग दाखवतो."

"मला नकोत ते धडे."

"तुझे नुसते नाहीत. मागून येणाऱ्यांचेही आहेत. जा आता, अभ्यास कर."

तिने काठी उचलली. जिन्याच्या तोंडाशी थांबून माझ्या दिशेने म्हणाली, "तुम्ही रोज ऐकता ना? मग तुम्हाला ऐकू येणारच नाही." यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

प्रदर्शनाचं नाव 'ऐकायची पुस्तकं'. मॅडमनी वरच्या देवघेवीच्या दालनातल्या काचेच्या कपाटांतून पोथ्या काढून तिथे हेडफोन टांगले. एका कपाटात जुना मायक्रोफोन ठेवला, जो मी उगीचच बाद ठरवला होता. त्याच्याखाली चिठ्ठी, 'या मायक्रोफोनने शेकडो विद्यार्थ्यांना शिकवलं.' आणि उद्घाटनाला मामांचं प्रत्यक्ष वाचन. सगळे अंध विद्यार्थी येणार, कुलगुरू येणार. मामांचा चेहरा कधी कोणी बघितला नव्हता असं मॅडम भाषणात म्हणणार होत्या. वर्षानुवर्षं खिडकीत बसलेल्या माणसाबद्दल!

मामांनी मला पेटीत बोलावलं, दार लावलं आणि कुजबुजले. आता ते पेटीतही कुजबुजत होते. "भाचेबुवा, पहिल्या वर्षातला एखादा धडा काढा. मी नुसते ओठ हलवीन."

"मामा, ते ओळखतील. आपली मुलं आहेत ती."

"मुलं ओळखतील तर गप्प बसतील. बाकीच्यांना दिसतं, म्हणून त्यांना कळणार नाही." मग माझा दंड धरून म्हणाले, "एकदाच. आयुष्यभर भोंगा म्हणवून घेतलं, निदान एकदा वाजू द्या नीट."

आमंत्रणपत्रिका द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. मामा बाजारात गेले होते. मामींनी पाणी दिलं आणि समोर बसल्या. चटपटीत बाई, तोंडाचा पट्टा असा की, मामांना भोंगा म्हणणाऱ्यांनी ही बाई बघितलेली नसणार असं वाटावं. भिंतीला शाळेतली पाटी लटकवली होती. तिच्यावर खडूने लिहिलेलं: 'मी तसं म्हणालो नव्हतो.'

"हे काय?" मी विचारलं.

"कालचं भांडण," मामी म्हणाल्या. "मी बोलते, ते लिहितात. कापूर जपताहेत ना! मी म्हणते, अहो, माणसाने भांडताना तरी ओरडावं. पण नाही. संपलं की पुसून टाकतात आणि जिंकल्यासारखे बसतात." त्या हसल्या, मग पेला उगीचच सरकवत म्हणाल्या, "कामावर बोलतात ना हो चांगलं?"

"बोलतात की," मी म्हटलं.

"नाही, आपलं विचारलं. पूर्वी ते झोपेतही ओरडायचे. 'पुढचा!' म्हणून. अख्खी चाळ उठायची. आता झोपेत नुसती खरखर ऐकू येते. आणि घास पाण्यानं ढकलतात. विचारलं तर पाटीवर लिहितात, दात."

मी उठलो. जिन्यात येईपर्यंत माझ्या ध्यानात आलं की मामी घरी ऐकत नव्हत्या, कारण मामा बोलत नव्हते. मी रोज ऐकत होतो म्हणून मला ऐकू येत नव्हतं. आणि मुलं दुप्पट वेगाने ऐकत होती. बरोबर आम्हा सगळ्यांच्या मधल्या फटीत ते जे काय होतं ते बसलं होतं, आणि वाढत होतं. मी परत वर गेलो. दार उघडंच होतं.

"मामी," मी म्हटलं, "उद्घाटनाला या. पुढेच बसा. आणि मामांना काहीतरी प्रश्न विचारा."

"मी? कसला प्रश्न?"

"कसलाही. त्यांना तोंडाने उत्तर द्यावं लागेल असा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पाटीकडे.

उद्घाटनाच्या दुपारी दालन भरलं होतं. पहिल्या रांगेत कानसेन आणि तिचे सवंगडी, दुसरीत मामी, नवी साडी नेसून. मामा नवा शर्ट घालून मंचावर आले आणि पुस्तक उघडून उभे राहिले. मी बाजूच्या टेबलाशी होतो. त्यांनी मान हलवली आणि मी कळ दाबली.

आणि भोंगा वाजला. काय आवाज होता तो! काचेची कपाटं थरथरली. मामी ताठ झाल्या, त्यांचा हात तोंडावर गेला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. किती वर्षांनी ऐकत होत्या नवऱ्याला. कुलगुरूंनी मॅडमकडे बघून भुवया उंचावल्या. मामा ओठ हलवत होते, इतके बेमालूम की माझ्यासारख्याचाही क्षणभर विश्वास बसला.

तेवढ्यात स्पीकरमधला मामा म्हणाला, "थांबा हं, पाणी पितो." आणि घटाघट पाणी प्याला.

मंचावरच्या मामांच्या हातात पुस्तक होतं. पेला नव्हता. ते तसेच उभे राहिले, ओठ मिटून, आणि सगळ्या दालनात त्यांच्या घशातून पाणी उतरण्याचा आवाज घुमला. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. पहिल्या रांगेतलं कोणी हसलं नाही. त्यांना दिसत नव्हतं, पण पंखा फिरतो तशा सगळ्यांच्या माना एकदम स्पीकरकडून मंचाकडे वळल्या. तिथून काहीच येत नव्हतं. श्वासही नाही.

कानसेन उठणार असं मला वाटलं. पण ती बसून राहिली, काठीवर दोन्ही हात ठेवून. मामांनी म्हटलं होतं तसंच झालं: मुलं गप्प राहिली.

उठल्या मामी. "मी काही विचारू का?"

मॅडमना आनंद झाला. "विचारा ना, विचारा!" मी वाजणारा धडा बंद केला.

"अहो," मामी म्हणाल्या, "घरी येताना काय आणू, ते सांगा."

लोक हसले. मामांनी सवयीने हवेत बोट फिरवून लिहिल्यासारखं केलं.

"असं नाही. तोंडाने."

मामांनी पुस्तक मिटलं. तोंड उघडलं. मायक्रोफोन चालू होता, तरी दालनभर जे पसरलं तो शब्द नव्हता. लाकडावर लोखंड घासावं तसं काहीतरी, आणि त्याच्या शेवटी एक शीळ. कानसेन म्हणाली होती तो, जो आवाजाच्या खाली राहत होता. आता तो एकटाच होता. भिंतीवर 'शांतता राखा'ची पाटी होती. ती ठोकल्यापासून बहुधा पहिल्यांदाच पाळली गेली.

मामी मंचावर चढल्या. कुलगुरूंना ओलांडून गेल्या. नवऱ्याचा हात धरला आणि म्हणाल्या, "चला."

डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि बाहेर येऊन सांगितलं की उशीर झालाय, पण जीव वाचायची आशा आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. सोमवारी. काही बोलायचं राहिलं असेल तर त्याच्या आधी बोलून घ्या, थोडंथोडं.

शनिवारी मामा पेटीत आले. बरोबर मामी. मला वाटलं, धडे पुरे करायचे असतील. मी पुस्तकही काढून ठेवलं होतं. कानसेन जिन्यावर बसली होती. आधीच बजावून गेली होती की धडा वाचायला घेतलात तर मी परीक्षेलाच बसणार नाही.

"पुस्तक नको," मामी मला म्हणाल्या. "दोन मायक्रोफोन लावा. आमची भांडणं राहिलीत. तो पाटीवरचा खडू मी आता ऐकून घेणार नाही."

"ध्वनिमुद्रण करू?"

"कराच. नंतर म्हणतील, मी तसं म्हणालो नव्हतो."

मामा हसले. तोंड पूर्ण उघडून, आवाजाशिवाय. दोघं आत गेले. मी जडशीळ दार ओढलं, लाल दिवा लावला आणि हेडफोन कानांवरून काढून टेबलावर ठेवले. ते ऐकायचं काम माझं नव्हतं. मी फक्त रेघा बघत होतो. वरची मामींची, खालची त्यांची.

वरची लगेच फुगली. काचेपलीकडे मामी हातवारे करत होत्या. मग थांबल्या आणि खालची रेघ हलली, बारीक, काटेरी, तुटक. पुन्हा वरची. पुन्हा खालची. कधी दोन्ही एकदम. बराच वेळ चाललं. मधे एकदा मामींनी पेला त्यांच्या तोंडाला लावला. एकदा दोघंही हसत होते. माझ्यामागे कानसेन येऊन उभी राहिली होती ते मला कळलं नाही.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

"भांडताहेत."

"कोण जिंकतंय?"

मी पडद्याकडे बघितलं. वरची रेघ थांबली होती. मामी पुढे झुकून ऐकत होत्या. काचेपलीकडे मामांचे ओठ भराभर हलत होते, मान हलत होती, हात हलत होता. खालची रेघ सरळ होती. मी वायर तपासली. मायक्रोफोनचं बटण तपासलं. सगळं नीट होतं. रेघ सरळच होती, आणि ते बोलत होते, बोलतच होते. आणि मामी मान डोलावत होत्या, जणू काही शब्द न् शब्द ऐकू येतोय.

"सांगा ना," कानसेन म्हणाली.

तेवढ्यात वरच्या मजल्यांवरून, जिन्यातून, सगळ्या स्पीकरांतून तो आवाज खाली उतरला, खणखणीत, एका दमात. ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाली आहे. आपापलं सामान आवरा. मागे काही ठेवू नका.

पेटीत तो पोचत नाही. आत ते बोलतच होते. मी लाल दिवा तसाच ठेवला.